इंग्रजीचा तास कार्यशाळेत न्यावा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आयटीआयमधून बाहेर पडणारी मुले मुलाखतीत इंग्रजीला अडतात, म्हणून त्यांच्यासाठी संभाषणाचे जादा वर्ग सुरू करावेत, अशी सूचना करणारे एक पत्र आपल्या दैनिकात नुकतेच वाचले. पत्रलेखकाने अडचण बरोबर हेरली आहे. उपाय मात्र मला पटला नाही. पुणे परिसरात जोडारी व्यवसायाचा शिल्प निदेशक (म्हणजे व्यवसाय शिकवणारा शिक्षक) म्हणून सव्वीस वर्षे काढल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, या मुलांना इंग्रजीचा आणखी एक वर्ग लावून फारसे काही हाती लागणार नाही. इंग्रजी बोलल्याशिवाय जे पुरेच होणार नाही असे काम त्यांना द्यावे आणि ते काम त्यांच्याच कार्यशाळेत, त्यांच्याच हातातल्या जॉबवर, म्हणजे घडवायला घेतलेल्या वस्तूवर असावे. (जोडारी म्हणजे फिटर. संस्थेच्या पाट्यांवर जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री अशी भारदस्त नावे असतात; पण स्वतःची ओळख ‘मी संधाता’ अशी करून देणारा वेल्डर मला अजून भेटायचा आहे.)

अडचण नेमकी कोठे आहे, ते एका प्रसंगावरून सांगतो. काही वर्षांपूर्वी चाकण भागातील एका कारखान्यात शिकाऊ उमेदवारांची निवड होती आणि माझ्या तुकडीतील पाच मुले तेथे गेली होती. त्यांतल्या एकाचा हात असा होता की, त्याने कानस मारून बसवलेले मेल-फीमेल फिटिंग (एकमेकांत बसणारे दोन तुकडे) उजेडासमोर धरले तर फटीतून प्रकाशाची रेघही दिसत नसे. मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्यांनी त्याने सोबत नेलेला जॉब उलटसुलट करून पाहिला, पसंतीची मान हलवली आणि हा कसा केलास ते इंग्रजीत सांग, असे म्हटले. मुलगा थोडा वेळ गप्प राहिला आणि मग म्हणाला, ‘मार्किंग... हॅक्सॉ कटिंग... फायलिंग... ट्राय स्क्वेअर.’ पुढे काही नाही. निवड दुसऱ्याची झाली. परत आल्यावर तो मला म्हणाला, ‘सर, शब्द सगळे येत होते, पण एकाला एक जोडताच येईनात.’ दोन वर्षे जोडारीच शिकलेल्या मुलाच्या तोंडचे हे वाक्य मी विसरलेलो नाही.

त्याचे निदान अचूक होते. आमच्या कार्यशाळेची बोली निम्मी इंग्रजीच असते. कानस, छिन्नी, हातोडा, आटे हे शब्द मराठी राहिले. पण व्हर्नियर, मायक्रोमीटर, लीस्ट काउंट, टॉलरन्स, टॅप, डाय, रीमर, सरफेस प्लेट हे शब्द पहिल्या दोन-तीन महिन्यांतच मुलांच्या तोंडी बसतात. ‘व्हर्नियर लावून बघ, टॉलरन्समध्ये बसतंय का’ हे आमचे रोजचे वाक्य घ्या. (व्हर्नियर हे बारीक माप घेण्याचे साधन, आणि टॉलरन्स म्हणजे मापात चालण्याजोगा फरक.) त्यातली नामे इंग्रजी आहेत आणि क्रियापदे मराठी. आपल्या कामापुरता नामांचा साठा या मुलांजवळ भरपूर असतो. उणीव असते ती क्रियापदांची, मापाची जागा दाखवणाऱ्या ‘फ्रॉम’, ‘थ्रू’, ‘बिटवीन’ अशा छोट्या शब्दांची आणि आधी काय, नंतर काय, कशामुळे काय झाले हे सांगणाऱ्या सांध्यांची. संभाषणाच्या नेहमीच्या वर्गात मात्र सुरुवात होते ती स्वतःची ओळख, आवडते छंद आणि आवडता सण यांपासून. म्हणजे मुलाजवळ जे भांडवल आहे ते बाजूला ठेवायचे आणि जे नाही तेथून व्यापार सुरू करायचा.

महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी शिकवले जाते. त्यामुळे दहावी होऊन आमच्याकडे येणाऱ्या मुलाच्या पदरी दहा वर्षांचे इंग्रजी असते. या दहा वर्षांत त्याने उतारे वाचून प्रश्नांची उत्तरे लिहिलेली असतात, निबंध पाठ केलेले असतात. पण त्याने इंग्रजीत काहीतरी सांगावे आणि त्यावाचून समोरच्याचे काम अडून राहावे, असा प्रसंग त्याच्यावर एकदाही आलेला नसतो. अकरावे वर्षही त्याच चालीने गेले तर वेगळे काय घडणार?

आता वेळेचा हिशेब पाहू. जोडारीच्या सध्याच्या अभ्यासक्रमात पहिल्या वर्षाचे एकूण १२०० तास आहेत. त्यांपैकी ८४० तास प्रात्यक्षिकाचे, २४० तास व्यवसायाच्या सिद्धांताचे आणि १२० तास ‘एम्प्लॉयबिलिटी स्किल्स’ या विषयाचे. इंग्रजीला जागा मिळते ती या १२० तासांत. आणि त्याच तासांत राज्यघटनेची मूल्ये, आर्थिक व कायदेविषयक साक्षरता, डिजिटल कौशल्ये, उद्योजकता, ग्राहकसेवा आणि नोकरीची तयारी हेही शिकवायचे असते. दुसऱ्या वर्षी या विषयाला ६० तास उरतात. एका तुकडीत वीस मुले धरली, तर तासाभराच्या तासिकेत शिक्षकाने एक अक्षरही न बोलता सर्व वेळ मुलांना दिला तरी प्रत्येकाच्या वाट्याला तीन मिनिटे येतात. शेवटी या विषयाची परीक्षा होते ती बहुपर्यायी प्रश्नांची. बोलता येते की नाही हे चार पर्यायांतून कसे कळावे, हे मला कधी उमगले नाही. ज्याची परीक्षा नाही ते वर्गात मागे पडते, यात शिक्षकांचाही दोष म्हणता येणार नाही.

एका संस्थेत भाषा प्रयोगशाळा पाहण्याचा योग आला. काचेच्या कप्प्यांत संगणक, प्रत्येकाला हेडफोन, सगळे झकास. फक्त संगणकांवरचे प्लॅस्टिक काढलेले नव्हते आणि किल्ली सापडायला अर्धा तास लागला. ती रोज उघडली असती तरी मुलगा यंत्राशीच बोलला असता, आणि त्याच्या बोलण्यावाचून यंत्राचे काही अडत नाही.

म्हणून निवृत्तीपूर्वीच्या शेवटच्या चार वर्षांत मी एक साधी गोष्ट करून पाहिली. मुलांच्या जोड्या लावल्या. एकाजवळ जॉबचे रेखाचित्र दिले आणि त्याला सिद्धांताच्या वर्गात बसवले; दुसऱ्याला कार्यशाळेत सरफेस प्लेटजवळ (मार्किंगसाठीच्या सपाट पाटाजवळ) उभे केले. दोघांमध्ये फक्त मोबाइल. रेखाचित्र पाहणाऱ्याने इंग्रजीत सांगायचे, ऐकणाऱ्याने त्याप्रमाणे मार्किंग करायचे. फोटो पाठवायचा नाही आणि मराठी-हिंदी वापरायची नाही. पहिले तीन आठवडे हे कागदावर केले, मग ७५ बाय ५० मिलिमीटरच्या, १२ मिलिमीटर जाडीच्या एम. एस. (माइल्ड स्टील) प्लेटवर. शेवटी रेखाचित्र आणि प्लेट शेजारी ठेवून व्हर्नियर लावायचा. वाक्य चुकले असेल तर जॉब चुकलेला असतो आणि किती चुकला ते मिलिमीटरमध्ये दिसते. भाषेच्या शिक्षकाला इतका रोखठोक परीक्षक मिळणे अवघड आहे.

चुका कशा झाल्या, ते मुद्दाम सांगतो, कारण शिकणे त्यांतूनच झाले. एका जोडीत कडेपासून १३ मिलिमीटरवर भोक पाडायचे होते. ते ३० वर पाडले गेले. सांगणारा ‘थर्टीन’ म्हणाला होता, ऐकणाऱ्याला ‘थर्टी’ ऐकू आले, आणि फोनवर हा फरक किती पुसट असतो हे त्या दोघांना एक प्लेट वाया घालवून कळले. पुढच्या वेळी त्यांनी आपणहून ‘वन थ्री, थर्टीन’ असे सांगायला सुरुवात केली आणि ऐकणारा आकडा उलट म्हणून दाखवू लागला. कारखान्यातले अनुभवी लोकही फोनवर आकडे असेच एकेक अंक करून सांगतात. मी हे मुलांना शिकवले नव्हते. दुसऱ्या एका जोडीत ‘फ्रॉम द लेफ्ट’ यावरून गोंधळ झाला, कारण प्लेट कोणत्या बाजूने धरायची हेच आधी ठरले नव्हते. तिसऱ्या जोडीतल्या सांगणाऱ्याने ‘ड्रिल अ होल’ एवढेच सांगितले आणि थोडा वेळ शांतता पसरली. मग कार्यशाळेतून प्रश्न आला, ‘हाउ डीप?’ त्या वर्षी माझ्या तुकडीत कोणीतरी गरजेपोटी विचारलेला तो पहिला इंग्रजी प्रश्न होता. वर्गात मुले उत्तरे देतात. प्रश्न विचारण्याची वेळ त्यांच्यावर कोणी येऊच देत नाही.

क्रम सांगणेही असेच आले. एम-८ चे (८ मिलिमीटरच्या बोल्टचे) आटे पाडायचे असतील तर आधी ६.८ मिलिमीटरचे भोक पाडावे लागते, त्याची कड मोडावी लागते आणि मग टॅप (आटे पाडायचे हत्यार) फिरवावा लागतो. हे कोणालाही मराठीत ठाऊक असते. इंग्रजीत सांगताना ‘फर्स्ट’, ‘देन’, ‘आफ्टर दॅट’, ‘बिफोर टॅपिंग’ हे शब्द कामाच्याच क्रमाने जागेवर येऊन बसतात. काम झाल्यावर ‘काय केले’ हे सांगताना भूतकाळ येतो, कसे करायचे ते सांगताना आज्ञार्थ येतो आणि जॉब बिघडला तर ‘बिकॉज’ आल्याशिवाय सुटका नसते. काळांचे तक्ते मी भिंतीवर लावले नव्हते. ते मला स्वतःलाही नीट पाठ नाहीत.

एवढ्याने अर्थातच प्रकल्प होत नाही. हा तासाभराचा सराव झाला. प्रकल्प म्हणजे काही आठवडे चालणारे, गटाने मिळून उभे करायचे आणि शेवटी कोणाच्या तरी हाती सोपवायचे काम. आम्ही निवडला तो सी-क्लॅम्प (जॉब घट्ट धरून ठेवणारा ‘सी’ आकाराचा शिकंजा): पाच जणांचा गट, आठ आठवडे, रेखाचित्रापासून जोडणीपर्यंत सर्व. माझा एक जुना विद्यार्थी चेन्नईजवळच्या कारखान्यात आहे. त्याच्या हाताखालच्या शिकाऊ मुलांना मराठी तर नाहीच, हिंदीही येत नव्हती आणि आमच्या मुलांना तमिळ येत नव्हते. शनिवारी अर्धा तास व्हिडिओ कॉल ठरला. आमच्या गटाने आपला क्लॅम्प दाखवायचा, काय केले आणि काय अडले ते सांगायचे. त्या मुलांनी प्रश्न विचारायचे. पुण्यात दोन मराठी मुलांना इंग्रजीत बोलायला लावले की दोघेही ओशाळतात, कारण त्यात नाटक आहे हे दोघांनाही ठाऊक असते. येथे नाटकाला जागाच नव्हती. इंग्रजी दोन्हीकडचे मोडकेच होते, आणि त्यामुळेच कोणाला कोणाची भीड वाटली नाही. तिसऱ्या शनिवारी तिकडून स्क्रूच्या आट्यांबद्दल असा एक प्रश्न आला की, आमच्या मुलांना उत्तर देता आले नाही. सोमवारी गट माझ्यासमोर उभा होता, आणि त्यांना हवे होते ते इंग्रजी वाक्य नव्हते, आट्यांचा सिद्धांत हवा होता. इंग्रजीच्या तासाने मुलांना व्यवसायाच्या पुस्तकाकडे पाठवावे, हे मला नोकरीच्या पंचविसाव्या वर्षी पाहायला मिळाले.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नवीन शास्त्र नाही. इंग्रजीच्या अध्यापनाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास भागातील काही शाळांत व्याकरणाचे धडे बाजूला ठेवून मुलांना रेल्वेच्या वेळापत्रकातून गाडी शोधणे, नकाशावरून वाट सांगणे अशी कामे इंग्रजीतून दिली होती; लक्ष अर्थावर आणि कामावर असते तेव्हा भाषेची घडण मनात आपोआप उतरते, हा त्यामागचा विचार होता. भाषाशिक्षणाच्या जगात तो प्रयोग बंगलोरच्या नावाने आजही ओळखला जातो. आपल्या पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली विज्ञान आश्रम सुरू केला आणि गावाला उपयोगी पडणारी कामे करता करता मुलांनी विज्ञान शिकावे, ही पद्धत रुजवली. त्याहीमागे जायचे तर १९३७ ची वर्ध्याची शिक्षण परिषद आणि गांधीजींची नई तालीम आहे. नई तालीमच्या योजनेत मातृभाषेवर भर होता आणि इंग्रजीला जागा नव्हती, हे मला ठाऊक आहे. पण हातातल्या कामातून ज्ञान द्यावे हे सूत्र कोणत्याही भाषेच्या मालकीचे नाही.

इंग्रजी कशाला हवे, या प्रश्नालाही बगल देऊ नये. चाकण, भोसरी, रांजणगाव येथील कारखान्यांत यंत्राजवळचे रोजचे बोलणे मराठीत आणि हिंदीत चालते, आणि इंग्रजी न बोलता उत्तम काम करणारे शेकडो कारागीर मी पाहिले आहेत. इंग्रजी आडवे येते ते ठरावीक जागी: रेखाचित्रावरच्या सूचनांत, पाळी बदलताना लिहायच्या नोंदीत, सीएनसी (संगणकाने चालणाऱ्या) यंत्राच्या पडद्यावर येणाऱ्या अलार्मच्या ओळीत, परगावच्या सर्व्हिस इंजिनिअरला फोनवर बिघाड सांगताना आणि ग्राहकाच्या माणसांनी ऑडिटच्या वेळी अचानक प्रश्न विचारल्यावर. अलार्म येण्यापूर्वी यंत्र काय करत होते, हे ज्याला सांगता येते तो ऑपरेटरचा सेटर (कामासाठी यंत्र लावून देणारा) लवकर होतो, असा माझा अनुभव आहे. म्हणजे लागणारे इंग्रजी मर्यादित आहे. फर्डे भाषण कोणी मागत नाही. मग शिकवतानाही मुलाखतीच्या झकपक उत्तरांऐवजी या पाच-सहा जागा समोर ठेवून प्रकल्प आखलेले बरे.

या पद्धतीत खाचखळगे आहेत आणि त्यांतला सर्वांत मोठा म्हणजे ‘प्रकल्प’ या शब्दाची आपण करून ठेवलेली अवस्था. शाळेतला प्रकल्प म्हणजे अप्पा बळवंत चौकातून आणलेले तक्ते, चिकटवलेली चित्रे आणि बहिणीच्या अक्षरातली वही. आयटीआयमध्येही तसे होऊ लागले तर गतवर्षीची फाइल मुखपृष्ठ बदलून पुढे सरकेल. यावर माझी कसोटी अशी की, प्रकल्पाच्या शेवटी तो ऐकण्यासाठी वा वापरण्यासाठी कोणी तरी खराखुरा थांबलेला असावा आणि त्याला प्रश्न विचारण्याची मोकळीक असावी. फाइलला प्रश्न विचारता येत नाही.

दुसरा धोका गटातल्या चुणचुणीत मुलाचा. थोडे बरे इंग्रजी येणारा एक जण सर्वांच्या वतीने बोलतो आणि उरलेले चौघे क्लॅम्प धरून उभे राहतात. पहिल्या वर्षी माझ्याकडे नेमके हेच झाले. दुसऱ्या वर्षापासून कोण बोलणार हे कॉल सुरू होण्यापूर्वी चिठ्ठी टाकून ठरू लागले, तेव्हा पाचही जण तयारी करू लागले. माझ्या तुकडीत त्या वर्षी दोन मुली होत्या. फोनवरच्या सूचना सर्वांत नेमक्या त्यांच्याच असत, आणि त्या तशा का असत याचे कारण मी अजून शोधतो आहे.

तिसरी गोष्ट चुका सुधारण्याची. मधेच थांबवून ‘इज’ की ‘वॉज’ हे सांगितले की मुलगा गप्प होतो, आणि बाकीचे हसले तर पुढचे दोन आठवडे गप्प राहतो. मी बोलणे संपेपर्यंत वहीत टिपत असे आणि मग जॉबवर परिणाम करणाऱ्या दोन-तीन चुकाच सांगत असे. उरलेल्या चुका मी सोडून दिल्या. भाषेच्या जाणकारांना हे खटकेल. त्यांनी कार्यशाळेत येऊन यापेक्षा चांगला मार्ग दाखवला तर मला आनंदच होईल.

आणि सुरक्षेच्या बाबतीत तडजोड नाही. ड्रिल मशिन किंवा ग्राइंडर चालू असताना भाषेचा सराव चालणार नाही; धोक्याची सूचना मुलाला जी भाषा झोपेतही कळते त्याच भाषेत ओरडून द्यायची. व्यवसायाचा सिद्धांतही मराठीत नीट समजलेला असावा, कारण जे मराठीत समजलेले नाही ते इंग्रजीत सांगायला लावणे हा अन्याय आहे.

शिकवणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. माझ्यासारख्या बहुतेक शिल्प निदेशकांचे स्वतःचे शिक्षण मराठीतून झालेले आहे आणि इंग्रजीच्या शिक्षकांना जॉब ठाऊक नसतो. आठवड्यातून दोन तास दोघांनी एकत्र कार्यशाळेत उभे राहावे, एवढेच त्यावर सुचवता येते. मला मुलांसमोर ‘हे वाक्य मलाही येत नाही, मॅडमना विचारू’ असे म्हणावे लागे. सुरुवातीला जड गेले. नंतर लक्षात आले की, सरांनाच अडते म्हटल्यावर मुले जास्त मोकळेपणाने बोलतात.

वेळ मात्र नवीन शोधायला नको. सध्याच्या अभ्यासक्रमात दरवर्षी १५० तास प्रत्यक्ष उद्योगातील प्रशिक्षणासाठी आणि ते जवळपास उपलब्ध नसेल तर गटप्रकल्पासाठी राखून ठेवलेले आहेत. व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाने एवढे करावे: गटप्रकल्प असेल तेथे त्यातील काही तास इंग्रजीतून सूचना देणे, अडचण सांगणे आणि काम सोपवणे यांसाठी ठरवून द्यावेत, मुले उद्योगात जात असतील तर परत आल्यावर तेथे काय केले ते त्यांनी पुढच्या तुकडीला इंग्रजीत समजावून सांगावे, आणि अंतर्गत मूल्यमापनात या बोलण्याला थोडे तरी गुण असावेत. ऐकणारे लोक आपल्या दाराशी आहेत. औंधची शासकीय संस्था असो की मोरवाडीची महापालिकेची, भोसरी आणि चाकणचे कारखाने तेथून, वाहतूक कोंडीने कृपा केली तर, फार लांब नाहीत. एखाद्या कारखान्यातील पर्यवेक्षकाने महिन्यातून एकदा अर्धा तास येऊन मुलांना त्यांच्या जॉबबद्दल इंग्रजीत चार प्रश्न विचारले, तर कारखान्याला उद्याचा शिकाऊ उमेदवार आजच पाहायला मिळेल. यासाठी निविदा काढावी लागत नाही, आणि कदाचित म्हणूनच ही सूचना कोणाच्या फारशी मनात भरत नसावी.

फोनवरून सांगण्यासाठी सोप्यापासून अवघडापर्यंत चढत जाणारी चौदा रेखाचित्रे मी जोडारी, कातारी आणि यंत्र कारागीर या व्यवसायांसाठी काढून ठेवली आहेत. वीजतंत्रीसाठी वायरिंगच्या तशाच काही आकृत्या हव्या आहेत, त्या मात्र त्या व्यवसायातील निदेशकानेच काढाव्यात. ज्या संस्थेला रेखाचित्रे हवी असतील तिने जरूर न्यावीत. माझा पत्ता आपल्या कार्यालयाकडे दिलेला आहे, आणि शनिवारी सकाळी बोलावणे आल्यास मी स्वतः येऊन पहिली एक-दोन सत्रे घेऊन दाखवीन. ३० मिलिमीटरवर भोक पडलेली ती प्लेटही सोबत आणीन.

आपला विश्वासू,
एक निवृत्त शिल्प निदेशक (जोडारी), पुणे